चष्मा करून देण्याचे शिक्षण आणि काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या दुकानात नेहमीच्या गिऱ्हाइकांबरोबर आणखी एका प्रकारची माणसे येऊ लागतात. मुलगा किंवा मुलगी शेजारी संकोचून उभी असते आणि आई-वडील विचारतात, "तुमच्या या लाइनला काही भवितव्य आहे का?" सांगलीत सत्तावीस वर्षे हे काम केल्यावर त्यांच्या प्रश्नांची उत्तरे आता जवळजवळ पाठ झाली आहेत, म्हणून ती येथे लिहून काढली आहेत. ऑप्टिशियन हा शब्द मी सर्वत्र एकाच अर्थाने वापरला आहे. तपासणीत निघालेल्या नंबरावरून काच आणि फ्रेम ठरवणारा, मापे घेणारा, काच बसवणारा किंवा बसवून घेणारा आणि तयार झालेला चष्मा माणसाच्या चेहऱ्यावर नीट बसवून देणारा, तो ऑप्टिशियन.

डोळ्यांचे डॉक्टर, ऑप्टोमेट्रिस्ट आणि ऑप्टिशियन यांत फरक काय?

डोळ्यांचे डॉक्टर हे एमबीबीएसनंतर नेत्ररोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असतात, आणि रोगाचे निदान, औषधे व शस्त्रक्रिया ही कामे त्यांचीच. ऑप्टोमेट्रिस्ट नजर तपासतो, नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो आणि डोळ्यांत काही वावगे दिसले तर डॉक्टरांकडे पाठवतो. ऑप्टिशियनचे काम नंबराचा कागद हातात आल्यावर सुरू होते. आपल्याकडे लहान गावांत शेवटची दोन कामे एकच माणूस करतो, म्हणून लोकांच्या मनात दोन्ही शब्द एकमेकांत मिसळलेले आहेत. काही जण तर आम्हालाही "डॉक्टर" म्हणतात. त्यांची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करावी, कारण उद्या तोच माणूस लाल झालेला डोळा घेऊन तुमच्याकडे थेंब मागायला येणार असतो.

शिक्षण कोठे मिळते आणि किती वर्षांचे असते?

सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे बारावी विज्ञान शाखेनंतरचा ऑप्टोमेट्रीचा पदवी अभ्यासक्रम. तो एका वर्षाच्या इंटर्नशिपसह चार वर्षांचा असतो आणि चष्मे करून देण्याचे शास्त्र हा त्यातला एक स्वतंत्र विषय असतो. मुंबईचे लोटस कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री आणि पुण्यातील भारती विद्यापीठाचे ऑप्टोमेट्री विद्यालय ही महाराष्ट्रातली परिचित नावे आहेत. राज्याबाहेर चेन्नईच्या शंकर नेत्रालयाशी जोडलेल्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते. पदवी परवडत नसेल किंवा तितका वेळ नसेल, तर डिप्लोमा आणि व्हिजन टेक्निशियनचे अभ्यासक्रम आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने खेड्यांतील दृष्टिकेंद्रांसाठी एका वर्षाच्या प्रशिक्षणातून घडवलेले व्हिजन टेक्निशियन हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

२०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या कक्षेत ऑप्टोमेट्रिस्ट आले. या कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांचे आणि संलग्न व्यावसायिकाच्या, म्हणजे तंत्रज्ञ वगैरेंच्या, पदवी वा पदविकेसाठी किमान २००० तासांचे शिक्षण अपेक्षित आहे. तीन महिन्यांत "ऑप्टिकल तज्ज्ञ" करून देणाऱ्या जाहिरातीसमोर हे आकडे ठेवून पाहावेत. प्रवेश घेण्यापूर्वी मी पालकांना एकच गोष्ट विचारायला सांगतो: वर्षभरात विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती चष्मे तयार करतो? उत्तर द्यायला समोरचा माणूस घुटमळला, तर शुल्क भरण्याची घाई करू नये.

अभ्यासक्रम न करता केवळ दुकानात राहून हे काम शिकता येते का?

येते, आणि खरे सांगायचे तर आजही महाराष्ट्रातले बहुतेक फिटर, म्हणजे काच घासून फ्रेममध्ये बसवणारे, असेच शिकलेले आहेत. मीही आधी दुकानात लागलो, झाडलोट करता करता लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, बसलो आणि शिक्षण नंतर पूर्ण केले. या वाटेने हात फार चांगला तयार होतो. फ्रेम किती गरम झाली की वाकेल आणि किती झाली की पांढरी पडेल, हे पुस्तकातून कळत नाही. तोटा असा की उस्तादाला जे येते तेवढेच येते आणि त्याच्या चुकाही शास्त्र म्हणून शिकल्या जातात. काचेचा मध्य फ्रेमच्या मध्यावर ठेवायचा, असे मला पहिल्या वर्षी शिकवले गेले होते. ते का चुकीचे आहे हे मला तीन वर्षांनी समजले आणि त्या अवधीत किती लोकांना मी डोकेदुखी दिली असेल, त्याचा हिशेब नाही.

दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर, म्हणजे पीडी, दोन-चार मिलिमीटरने चुकली तर असे काय बिघडते?

या एका प्रश्नात निम्मा धंदा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

प्रत्येक काचेला एक प्रकाशीय मध्य असतो. नजर त्या मध्यातून गेली तर काच फक्त नंबराचे काम करते. मध्य सोडून बाजूने गेली तर तीच काच प्रिझमसारखी वागते आणि प्रतिमा बाजूला सरकवते. किती सरकवते याचे सूत्र साधे आहे: मध्यापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यावे आणि त्याला नंबराने गुणावे. त्याला प्रेंटिसचा नियम म्हणतात आणि तो झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे.

आता एक फ्रेम हातात घ्या. तिच्या काडीच्या आतल्या बाजूला ५२, मग छोटा चौकोन, मग १८ आणि पुढे १४० असे छापलेले असते. ५२ ही काचेची रुंदी, १८ हे दोन काचांमधले नाकावरचे अंतर आणि १४० ही काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. ५२ आणि १८ मिळून ७० झाले, म्हणजे या फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांतले अंतर ७० मिलिमीटर आहे. समोर बसलेल्या बाईंची पीडी ६२ आहे. याचा अर्थ प्रत्येक काचेचा मध्य नाकाकडे ४ मिलिमीटर सरकवला पाहिजे. तो न सरकवता काच तशीच बसवली आणि नंबर उणे ६ असला, तर प्रत्येक डोळ्यासमोर ०.४ गुणिले ६, म्हणजे २.४ आणि दोन्ही मिळून ४.८ प्रिझम तयार होतो. वजा नंबरात या प्रिझमची दिशा अशी असते की एकच चित्र दिसत राहावे म्हणून दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावे लागते. आपले डोळे नाकाकडे सहज वळतात, वाचताना रोज वळतात. बाहेर वळण्याची त्यांची ताकद मात्र फारच थोडी असते. म्हणून त्या बाई चार दिवसांनी येऊन म्हणतात, "दिसते स्वच्छ, पण डोके धरते." फळ्यावरचे सगळे अक्षर वाचता येते, त्यामुळे दुकानदार त्यांना "सवय होईल" असे सांगून परत पाठवतो.

उभ्या दिशेची चूक याहून वाईट. उणे ६ च्या चष्म्यात एक मध्य दुसऱ्यापेक्षा पावणेदोन मिलिमीटर वर गेला की सुमारे १ एकक उभा प्रिझम पडतो आणि तेवढाही पुष्कळांना सोसत नाही. उलट, उणे अर्ध्या नंबरात पीडी ४ मिलिमीटरने चुकली तरी सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. मोठ्या नंबराच्या गिऱ्हाइकाला जास्त वेळ द्यावा, तो याच हिशेबाने.

पीडी मोजायची कशी? आता यंत्रे आहेत, मग पट्टी कशाला शिकायची?

यंत्राची बॅटरी संपते म्हणून. शिवाय ज्यांचा एक डोळा तिरळा आहे त्यांच्या बाबतीत यंत्रापेक्षा पट्टी आणि स्वतःची नजर यांवर माझा जास्त भरवसा आहे.

गिऱ्हाइकाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आपले डोळे येतील असे हातभर अंतरावर बसावे. आपला उजवा डोळा मिटून त्याला आपल्या उघड्या डाव्या डोळ्याकडे पाहायला सांगावे आणि पट्टीचा शून्य त्याच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर आणावा. मग पट्टी न हलवता आपला डावा डोळा मिटून उजवा उघडावा, त्याला त्या डोळ्याकडे पाहायला सांगावे आणि त्याच्या डाव्या बाहुलीवर येणारा आकडा वाचावा. पट्टी धरलेल्या हाताची करंगळी त्याच्या कपाळाला किंवा गालाला टेकलेली असली की हात हलत नाही. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचे अंतर वेगळे लिहावे, कारण अगदी सरळ नाकाची माणसे वाटतात त्यापेक्षा कमी असतात. शिकाऊ मुलांना मी पहिले दोन महिने घरातल्या आणि शेजारच्या माणसांची पीडी मोजून वहीत लिहायला लावतो आणि आठवड्याने पुन्हा मोजायला लावतो. एकाच माणसाचे दोन आकडे जुळू लागले की मगच गिऱ्हाइकासमोर बसवतो.

नंबराचा कागद वाचताना चुका कोठे होतात?

अधिक-उण्याच्या खुणेत, अक्षात आणि रूपांतरात. कागदावर गोल म्हणजे सगळ्या दिशांना सारखा असणारा नंबर, सिलिंडर म्हणजे एकाच दिशेला लागणारा जादा नंबर आणि अक्ष म्हणजे ती दिशा, अंशांत. माझी सर्वांत महाग चूक अक्षाची होती. डॉक्टरांनी घाईत लिहिलेल्या कागदावर सिलिंडर उणे २ आणि अक्ष १८० होता. १८० मधला १ आधीच्या तिरप्या रेघेला चिकटून गेला होता आणि मी ८० वाचले. काच बसली, चष्मा झाला, आजोबांनी तो घातला आणि दुकानाच्या उंबऱ्यावर पाय अडखळून खांबाला धरून उभे राहिले. अक्ष ३० अंशांनी चुकला तरी सिलिंडर असून नसल्यासारखा होतो. अक्षात १८० आणि ० एकच, म्हणून माझी चूक ८० अंशांची होती, आणि तिने तर मूळच्या दोषाच्या जवळजवळ दुप्पट दोष मी त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला होता. काचा नव्याने कराव्या लागल्या आणि मालकांनी ते पैसे माझ्या पगारातून कापले. तेव्हापासून आकडा संशयास्पद दिसला की मी डॉक्टरांकडे फोन करतो, आणि त्यांच्या कंपाउंडरला माझा कंटाळा आला तरी करतो.

रूपांतर म्हणजे तोच नंबर दुसऱ्या पद्धतीने लिहिणे. अधिक १ गोल, उणे २ सिलिंडर, अक्ष १८० हा नंबर आणि उणे १ गोल, अधिक २ सिलिंडर, अक्ष ९० हा नंबर यांत काहीही फरक नाही. गोल आणि सिलिंडर यांची बेरीज हा नवा गोल, सिलिंडरची खूण उलटी आणि अक्षात ९० चा फरक, एवढीच कृती आहे. अपघात होतो तो अर्धा नंबर एका पद्धतीचा आणि अक्ष दुसऱ्या पद्धतीचा उतरवला तर.

जाता जाता एक सूचना: गोल फ्रेम आणि सिलिंडर ही जोडी जपून द्यावी. स्क्रू थोडा सैल झाला की गोल फ्रेममध्ये काच जागच्या जागी फिरते आणि अक्ष बदलतो, आणि गिऱ्हाइकाला वाटते की नंबर वाढला.

फ्रेम निवडून देणे हे विक्रीचे काम आहे की शास्त्राचे?

रंग आणि आकार गिऱ्हाइकाने निवडावा. माप मात्र आपण निवडावे. उणे ६ नंबराचेच उदाहरण पुढे नेऊ. ६२ पीडीच्या माणसाने ५२-१८ ची फ्रेम घेतली तर साध्या प्लॅस्टिकची काच बाहेरच्या काठाला मध्यापेक्षा सुमारे ५.४ मिलिमीटरने जाड होते. तिथे १.६७ निर्देशांकाची (निर्देशांक जास्त तितकी काच पातळ) महाग काच घातली तर ती वाढ ४ मिलिमीटरवर येते. पण त्याच माणसाने ४६-१८ ची लहान फ्रेम घेतली, तर साध्या स्वस्त काचेचीही वाढ साडेतीन मिलिमीटरच राहते. पातळ काच विकण्यापेक्षा लहान फ्रेम सुचवली तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात आणि चष्माही हलका होतो. मालकाला हे आवडेलच असे नाही.

ब्लँकचा, म्हणजे अजून न कापलेल्या गोल काचेचा, हिशेबही फ्रेमवरच ठरतो. काचेचा सर्वांत लांब तिरपा व्यास ५६ असेल आणि मध्य ४ मिलिमीटर सरकवायचा असेल, तर ५६ मध्ये त्याची दुप्पट, म्हणजे ८ मिळवावेत आणि घासण्यासाठी आणखी २ धरावेत. झाले ६६. तुमच्याकडे ६५ चा ब्लँक असेल तर एक कोपरा उघडा राहील, आणि हे यंत्रावर काच चढवल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह यांपैकी कोणाला काय द्यावे?

बायफोकलमध्ये वर लांबचा आणि खाली जवळचा असे दोन वेगळे भाग असतात; प्रोग्रेसिव्हमध्ये नंबर वरून खाली रेषेशिवाय हळूहळू बदलतो. नंबरापेक्षा गिऱ्हाइकाचा धंदा आधी विचारावा. चाळिशीनंतर जवळच्या नंबराचे गणित अंतरावर चालते: ४० सेंटिमीटरवर पाहायला अडीच, ३३ सेंटिमीटरवर तीन आणि २५ सेंटिमीटरवर चार डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे नंबराचे एकक) गरज असते, त्यातले काही डोळा स्वतः भागवतो आणि उरलेले काचेने भागवायचे असते. तपासणीच्या खोलीत वाचायचा तक्ता हातात देऊन काढलेला नंबर वर्तमानपत्र वाचणाऱ्याला बरोबर बसतो, पण आमच्या पेठेतल्या सोनारकाकांना नाही. ते सांधा जोडताना दागिना अक्षरशः नाकापाशी धरतात. त्यांनी दोन चष्मे परत केल्यावर मी त्यांच्या पेढीवर जाऊन बसलो, ते काम करत असताना डोळा ते ऐरण हे अंतर टेपने मोजले, तर ते २४ सेंटिमीटर भरले. ते अंतर कागदावर लिहून त्यांना परत तपासणीला पाठवले आणि तिसरा चष्मा त्यांनी सात वर्षे वापरला.

कीर्तनकारांची पोथी स्टँडवर असते, हातात नसते. एसटीच्या चालकाला रस्ता, आरसे आणि समोरची घड्याळे अशी तीन अंतरे लागतात. वायरमनला डोक्याच्या वर जवळचे पाहायचे असते आणि बायफोकलचा जवळचा भाग तर खाली असतो. यांपैकी एकही गोष्ट नंबराच्या कागदावर लिहिलेली नसते.

डी बायफोकलची, म्हणजे ज्यात जवळचा भाग आडव्या 'डी' अक्षरासारखा असतो तिची, वरची रेषा साधारणपणे खालच्या पापणीच्या कडेशी यावी, असा नियम आहे. उंच माणसाला किंवा सतत जिने चढ-उतार करणाऱ्याला ती किंचित खाली ठेवावी. प्रोग्रेसिव्हमध्ये मात्र काचेवरची फुली नेमकी बाहुलीच्या मध्यावर आली पाहिजे, आणि तेथे अंदाज चालत नाही. आधी फ्रेम चेहऱ्यावर पूर्ण बसवून घ्यावी, नाकाच्या पट्ट्या आणि काड्या जुळवाव्यात आणि मगच फ्रेममध्ये आधीपासून असलेल्या बिननंबरी नकली काचेवर पेनाने बाहुलीची खूण करावी. पुष्कळ जण खूण करून घेताना फोटो काढायला बसल्यासारखी हनुवटी वर उचलतात. दोन मिनिटे त्यांच्याशी इकडचे-तिकडचे बोलावे, मान आपोआप नेहमीच्या जागी येते.

तयार प्रोग्रेसिव्ह चष्मा परत आला आणि गिऱ्हाईक तक्रार करत असेल, तर काच उजेडासमोर तिरपी धरून तिच्यावर फुंकर मारावी. वाफ धरली की दोन बारीक कोरीव खुणा दिसतात. त्या एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर असतात, आणि बाहेरच्या खुणेखाली जवळच्या नंबराची वाढ कोरलेली असते. त्या खुणांवरून फुलीची जागा पुन्हा आखता येते आणि दोष काचेचा, मापाचा की फ्रेम घसरण्याचा, हे पाच मिनिटांत कळते.

काचेच्या इतक्या प्रकारांत गोंधळ होतो. नेमके काय लक्षात ठेवावे?

आपण सवयीने "काच" म्हणतो, पण खरी काच आता क्वचितच विकली जाते. साधे प्लॅस्टिक म्हणजे सीआर-३९, निर्देशांक १.५०, आणि त्यातून दिसणारे चित्र इतरांपेक्षा स्वच्छ. पॉलिकार्बोनेट १.५९, सहज न फुटणारे, म्हणून लहान मुलांसाठी, एका डोळ्यानेच दिसणाऱ्यांसाठी आणि कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी योग्य. मात्र त्याच्या काठाकडून पाहताना रंगांच्या कडा दिसतात आणि त्यावर चरे लवकर पडतात. १.६०, १.६७ आणि १.७४ हे मोठ्या नंबरांसाठी. उणे दीड नंबराच्या मुलाला १.७४ विकणाऱ्याबद्दल मी येथे काही लिहीत नाही.

ब्लूकट काच द्यावी का?

ब्लूकट म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच. मागितली तर द्यावी, भीती घालून विकू नये. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यात, अल्पकाळाच्या वापरात तरी, साध्या काचेच्या तुलनेत ब्लूकटने डोळ्यांचा थकवा कमी होतो असे आढळले नाही. संगणकासमोर बसणाऱ्याला बरोबर अंतराचा नंबर, चांगले एआर कोटिंग (काचेवरची चकाकी रोखणारा लेप) आणि मधून मधून पापण्या मिटण्याची आठवण यांचा जास्त उपयोग होतो.

लहान मुलांच्या चष्म्यात वेगळे काय असते?

मुलाचा चष्मा "पुढच्या वर्षीही व्हावा" म्हणून मोठा घेण्याचा आग्रह आई-वडील करतात; तो नम्रपणे मोडून काढावा लागतो. मोठी फ्रेम नाकावरून घसरते आणि मूल काचेच्या वरून पाहू लागते, म्हणजे चष्मा असून नसल्यासारखा. मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब टाकून डॉक्टरांनी तपासलेला असावा, कारण मुलांच्या डोळ्यांची जवळचे पाहण्याची ताकद मोठी असते आणि यंत्राने घाईत काढलेला वजा नंबर पुष्कळदा खोटा निघतो. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे आपोआप नंबर काढणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठीवरून मुलाचा चष्मा करून देणारे दुकान मी टाळतो, आणि तुम्हीही तेथे नोकरी धरू नये.

गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडे केव्हा पाठवावे?

डोळ्यांसमोर अचानक काळा पडदा किंवा विजेसारखे लखलखाट दिसत असतील, दिव्याभोवती रंगीत वलये दिसून डोळा दुखत असेल, एकाच डोळ्याची नजर अचानक गेली असेल, किंवा एक वस्तू नव्याने दोन दिसू लागली असेल, तर चष्म्याचा विषयच काढू नये आणि त्याच दिवशी पाठवावे. आणखी एक प्रसंग वारंवार येतो. महिन्या-दोन महिन्यांत नंबर दीड-दोनने बदललेला माणूस नवा चष्मा मागतो. अशा वेळी रक्तातली साखर तपासली आहे का, हे विचारावे. साखर वर-खाली झाली की नंबर हलतो, आणि ती स्थिरावण्यापूर्वी केलेला चष्मा कपाटातच जातो.

गणित किती यावे लागते?

आठवी-नववीचे, पण न चुकता. अधिक-उण्याची बेरीज, दशांश, कोन आणि थोडी भूमिती यांपलीकडे दुकानात काही लागत नाही.

पगार कसा असतो?

सुरुवातीला कमी, हे स्पष्ट सांगतो. साखळी दुकानांत ठरलेला पगार आणि त्यावर विक्रीचा इन्सेन्टिव्ह असतो. जुन्या एकेकट्या दुकानांत पगार हळू वाढतो, पण काम जास्त शिकायला मिळते. इन्सेन्टिव्हची एक अडचण अशी की तो महाग काचेवर मिळतो आणि बरोबर मापावर मिळत नाही. मोठ्या नेत्ररुग्णालयांतील चष्मा विभाग हा मला या दोहोंपेक्षा चांगला आरंभ वाटतो, कारण शस्त्रक्रिया झालेले, तिरळे आणि मोठ्या नंबरांचे रुग्ण एका वर्षात तेथे जितके पाहायला मिळतात, तितके पेठेतल्या दुकानात दहा वर्षांत मिळत नाहीत.

मुलींना हे काम जमते का?

हा प्रश्न वडीलच विचारतात. आमच्या दुकानातली सर्वांत चांगली फिटर एक मुलगीच आहे.

स्वतःचे दुकान काढायचे असेल तर?

आधी निदान पाच वर्षे दुसऱ्याच्या दुकानात काढावीत. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीपूर्वी दहापेक्षा कमी) कामगार असलेल्या दुकानाला केवळ व्यवसायाची सूचना द्यावी लागते, त्याहून जास्त असल्यास नोंदणी लागते. नजरेच्या चष्म्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. पैसा कोठे अडकतो, हे मात्र नवशिक्यांना कळत नाही. तो यंत्रात कमी आणि भिंतीवर लावलेल्या फ्रेममध्ये जास्त अडकतो. दिल्लीच्या बल्लीमारानमधून किंवा मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उत्साहात आणलेल्या फ्रेमपैकी बऱ्याच पुढच्या वर्षी जुन्या फॅशनच्या झालेल्या असतात. लेन्सोमीटर, पीडीचे साधन, हीटर, चांगल्या पकडी आणि स्क्रूंची पेटी एवढ्यावर आरंभ करावा. काच घासण्याचे स्वयंचलित यंत्र पहिल्या दिवशी लागत नाही, शहरातल्या फिटरकडून काम करून घेता येते.

लोक ऑनलाइन चष्मे घेऊ लागले. मग या कामाचे पुढे काय?

फ्रेमची किंमत पाहायला लोक ऑनलाइन जातात आणि कान दुखू लागला की दुकानात येतात. एकाच नंबराचे साधे चष्मे बऱ्याच अंशी तिकडे गेले आहेत आणि आणखी जातील. प्रोग्रेसिव्ह, मोठे नंबर, मुलांचे चष्मे आणि दुरुस्ती ही कामे चेहरा समोर असल्याशिवाय नीट होत नाहीत. दुसरीकडून घेतलेला चष्मा घट्ट करायला आलेल्याला परत पाठवू नये. स्क्रू पिळून द्यावा आणि त्याचे पैसे घ्यावेत. फुकट करून दिलेल्या कामाला कोणी काम म्हणत नाही.

परदेशात या शिक्षणाचा उपयोग होतो का?

ब्रिटनमध्ये डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन हे कायद्याने संरक्षित पदनाम आहे आणि जनरल ऑप्टिकल कौन्सिलच्या नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. तेथे सोळा वर्षांखालील मुलांना आणि अंध वा अंशतः दृष्टिहीन म्हणून नोंद असलेल्यांना चष्मा देणे हे नोंदणीकृत व्यावसायिकाच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. ही एक तरतूद तरी आपल्याकडे यावी असे मला मनापासून वाटते. भारतातल्या दुकानाच्या अनुभवावर ती नोंदणी मिळत नाही. अमेरिकेत काही राज्यांत ऑप्टिशियनला परवाना लागतो आणि काहींत लागत नाही. मुलाला बाहेर पाठवायचेच असेल तर पदवी घ्यावी आणि प्रत्येक विषयाच्या तासांची नोंद असलेले कागद जपून ठेवावेत.

तयार चष्मा गिऱ्हाइकाच्या हाती देताना काय करावे?

आधी लेन्सोमीटरवर दोन्ही काचा तपासाव्यात आणि नंबर वहीशी न जुळवता मूळ कागदाशी जुळवावा, कारण वहीतच चूक असू शकते. मग चष्मा उघडून टेबलावर उलटा ठेवावा. तो डुगडुगला तर फ्रेम पिळलेली आहे. चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात न देता स्वतः दोन्ही हातांनी त्याच्या चेहऱ्यावर घालावा. एक बाजू उंच दिसली तर त्याच बाजूची काडी वर वाकवावी, म्हणजे ती बाजू खाली येते. एक काच चेहऱ्यापासून दूर राहिली तर त्याच बाजूची काडी बाहेर वाकवावी. कानामागचा वाक कानाच्या मुळाशीच सुरू झाला पाहिजे. तो पुढे आला तर चष्मा टोचतो आणि मागे गेला तर घसरतो. अ‍ॅसिटेटची (एका प्रकारच्या प्लॅस्टिकची) फ्रेम गरम करताना काचेवर सरळ झोत जाऊ देऊ नये, कोटिंगला बारीक तडे जातात.

मग त्याला मान खाली घालायला सांगावे आणि चष्मा घसरतो का ते पाहावे. नवा प्रोग्रेसिव्ह असेल तर दुकानाच्या पायऱ्या एकदा उतरून चढायला लावावे, आपण शेजारी उभे राहावे. आमच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. भाडे वाढले तेव्हा समोरचा सपाट गाळा मिळत होता, पण त्या पायऱ्यांसाठी मी ही जागा सोडली नाही.